मागखात्यातलं बोलणं

ताईनं गाडीची मागची सीट आडवी करून तिथं गादी घातली होती. गादीवर धुतलेली चादर, चादरीवर दोन उशा. घरातल्या थोरल्या सुनेनं, थोरलीनं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिलं आणि तिच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. इतके दिवस नुसतं बोलणं चाललं होतं. बोलण्याखाली कोणी गादी घालत नाही.

आज दुपारचा चहा झाला की आईंना त्यांच्या लेकीकडे, ताईकडे न्यायचं होतं. "कायमचं" हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. दादा "सध्या" म्हणत होता, ताई "बघू की" म्हणत होती, आणि ऐन उन्हाळ्यात कपाटातले आईंचे लोकरी कपडेसुद्धा भरून झाले होते.

यात कुणाच्या मनात वाकडं नव्हतं, अवघड होतं ते तेच. आईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, जखम भरली, डॉक्टरांचे पाय धरावेत इतकं सगळं नीट झालं. पण आवाज गेला तो गेलाच. हातात पाटी दिली, तर कापडाच्या कारखान्यात मागावर जन्मभर गाठी मारून वाकडी झालेली बोटं खडू धरीनात. कोंबडी नाचून गेल्यासारखं काहीतरी उमटलं आणि आईंनी पाटी अशी भिरकावली की मांजर दोन दिवस घरात फिरकलं नाही. मग सगळे खुणांवर आले. पाणी. दिवा. खिडकी. दुखतंय. एवढ्याशा चार खुणांत आईंसारखी बोलघेवडी बाई कोंबून बसवायची, म्हणजे काय होणार? ती चिडायची, बाकीचे वाटेल ते अर्थ लावायचे. त्यातून गेल्या महिन्यात त्यांना उठवून बसवताना थोरलीच्या पाठीत अशी कळ गेली की तिथंच बसली ती. "उचलणं बंद," डॉक्टर म्हणाले. ताईचं घर तळमजल्यावर, ऐसपैस, दिवसभराची बाई ठेवलेली. दादानं बहिणीशी फोनवर ठरवलं आणि जेवताना बायकोला सांगितलं.

"बरं," थोरली म्हणाली.

थोरलीचं "बरं" या घरात मिठासारखं होतं. सगळ्यात असायचं, दिसायचं नाही.

खरं तर त्या रात्री तिच्या घशाशी भलतंच काहीतरी आलं होतं. नका नेऊ त्यांना. पण म्हणणार कुठल्या तोंडानं? हल्ली आई तिचा हात झिडकारत. ती उचलायला वाकली की मान हलवत, ओठ हलवत, तिला दूर लोटत आणि तोंड भिंतीकडे करत. थोरलीला स्वतःची आई आठवतही नव्हती. या घरात आली, शिक्षिकेच्या परीक्षेला बसली, तेव्हा मांडीवर पोर होतं. रात्रपाळी करून, केसांत कापसाचे तंतू घेऊन घरी आलेल्या या बाईनं न झोपता ते पोर छातीशी धरलं होतं आणि म्हटलं होतं, "तू लिहीत बस, थोरले. हे माझ्याशी गप्पा मारतंय." ते उपकार फेडायची वेळ आता कुठं आली होती. आणि आता त्या आपल्याला कंटाळल्या असतील, तर त्यांना धरून ठेवणं हा जुलूमच नव्हे का?

तिनं वाटी भरली, तोंड पुसलं आणि बाहेरच्या खोलीत गेली.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत तयार होऊन बसल्या होत्या. मांडीवर पणतू. थोरलीची लेक शेजारी बसून बाळाच्या मानेमागे हात धरून होती. आई बाळाशी बोलत होत्या, म्हणजे त्यांचे ओठ हलत होते, आणि ते पाच महिन्यांचं पोर त्यांच्या तोंडाकडे अशा एकाग्रतेनं बघत होतं की त्याचीही लाळ गळणारी जिवणी उघडत-मिटत होती.

"बघ गं आई," लेक हळूच म्हणाली, "याला सगळं कळतंय."

"त्याला तरी कळतंय ना," दादा पेपराआडून म्हणाला.

"धाकटा कुठं राहिला?" ताईनं घड्याळ पाहिलं. "ऊन उतरलं की निघायचंय मला."

"आत्याला आणायला गेलाय."

"भोंगाआत्याला? एवढ्या लांबून? ह्याला नसत्या उठाठेवी कुणी सांगितल्या! तिला ऐकू येत नाही, आईला बोलता येत नाही. काय करणार आहेत दोघी?"

"निरोप घेतील," दादा म्हणाला. "घेऊ देत की."

भोंगाआत्या म्हणजे दादाच्या बाबांची बहीण. आईंची नणंद, आणि नणंद व्हायच्या आधीपासूनची कारखान्यातली जोडीदारीण. मागांच्या खडखडाटानं तिचे कान कधीच गेले होते, म्हणून ती सगळ्यांशी अशी बोलायची की जणू समोरचाच बहिरा आहे. मागच्या हिवाळ्यात खुब्याचं हाड मोडून ती पडून होती. तिला फोनवर काही सांगायचं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्यामुळे ऑपरेशनपासून दोघींची भेटच नव्हती.

दार उघडलं आणि आधी आवाजच आत आला.

"अगं ए जोडीदारणी! निघालीस म्हणे मला न विचारता!"

बाळ दचकून रडायला लागलं. थोरलीच्या लेकीनं त्याला उचलून खांद्यावर घेतलं.

"आत्या, हळू," धाकटा तिची पिशवी सांभाळत तिच्यासमोर येऊन म्हणाला. "बाळ!"

"दिसतंय की मला. टक्कल तुझ्यावर गेलंय." काठी टेकत आत्या खोलीच्या मधोमध आली आणि थबकली.

कारण आई बोलत होत्या.

थोरलीनं गेले कित्येक आठवडे पाहिलेली ओठांची ती दमलेली, चिडकी हालचाल ही नव्हती. आईंचा सगळा चेहरा कामाला लागला होता. भुवया वर, गाल आत, जिवणी गोल, मग लांब, मग दातांवर जीभ. असा चेहरा आईंना आहे, हेच ती विसरली होती. आत्या क्षणभर नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "हॅ! खोटं!"

आणि ओढलं स्टूल, बसली गुडघ्याला गुडघा लावून, आणि तिनंही आवाज बंद केला.

बाळाचं रडणंही थांबलं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसून नुसत्या तोंडानं काहीतरी धो धो बोलत होत्या. एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू. मध्येच आईंचे खांदे गदगदा हलले. ताई घाबरून उठली.

"काय होतंय तिला?"

"हसतेय," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळा लागला. "ताई, आई हसतेय."

आत्यानं वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि भोंगा पुन्हा सुरू झाला. "हिला बोलता येत नाही असं कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाला? बसल्यापासून डोकं खाल्लंय हिनं माझं!"

"अगं पण आवाज..." दादा म्हणाला.

"मागखात्यात आवाजाला कोण विचारतं? शेकडो माग एकदम चालू. सूत नेणारे धोटे इकडून तिकडे फटाफटा. शेजारी बॉम्ब पडला तरी कळायचं नाही. आम्ही सगळ्या जणी तोंडानंच बोलायचो, बिनआवाजी. या टोकाची त्या टोकाला शिव्या घालायची, मुकादमाच्या पाठीमागे, आणि त्याला पत्ता नाही. हिचं लग्न माझ्या भावाशी मी तसंच जुळवलं, तीन माग पलीकडून. म्हटलं, माझा भाऊ करतेस का? म्हणाली, घोरतो का?"

आईंनी मान डोलावली, मग काहीतरी पुस्ती जोडली.

"म्हणते, मी खोटं सांगितलं."

दादा हसता हसता पुढे सरकला. पेपर खाली पडला होता, त्याचं भान नव्हतं. "आत्या, माझ्याबद्दल काय म्हणाली ती? मघाशी माझ्याकडे बघून बोललात."

"म्हणाली, दारातून आधी तुझं पोट येतं, मग तू येतोस."

सगळे हसले. ताईसुद्धा. थोरली हातातली वाटी घेऊन आईंजवळ गेली, कारण वेळ झाली होती आणि चमचाभर तरी पोटात जायला हवं होतं. आईंनी वाटीकडे पाहिलं, डोळे मिटले, उघडले आणि ओठ हलवले. तेच ते, रोजचं.

"ती विचारतेय, तू जेवलीस का," आत्या म्हणाली.

थोरली उभी राहिली तशीच राहिली.

"रोज विचारते म्हणे तुला. आणि तू दरवेळी हिच्यासाठीच आणखी वाटी भरून आणतेस. पोटाला तड लागलीय म्हणते. आणि थांब, अजून आहे. उचलायला येतेस तेव्हा म्हणे घसा फोडून सांगते तुला, त्या पोटवाल्याला हाक मार, एकटीनं उचलू नको, तुझी पाठ जाईल. तू ऐकतच नाहीस. मग ढकलते."

"म्हणून?" थोरलीचा आवाज जेमतेम निघाला. "म्हणून ढकलत होत्या?"

आईंनी हात लांब करून तिच्या कमरेवर ठेवला. दुखत होतं नेमकं तिथंच.

थोरलीच्या लेकीनं पुढे होऊन आपल्या आईच्या हातातली वाटी काढून घेतली, ती सांडणार होती म्हणून.

ताईचं हसू मात्र विरलं होतं. ती बॅगेचा बंद घट्ट करू लागली, तो घट्टच होता. "आत्या, हे बरंचसं तू अंदाजानं सांगतेस," ती तोंड फिरवून म्हणाली. "तुला पहिल्यापासून वहिनीचा पुळका."

"इकडे बघून बोल. मान फिरवलीस की मला तू मुकी."

ताईनं वळून तेच पुन्हा म्हटलं. म्हणताना तिचे डोळे भरले होते. रागावलेली नव्हती ती, घाबरली होती. महिनाभर आईसाठी खोली रंगवत होती ती, पडदे शिवत होती.

"अंदाजानं," आत्या म्हणाली. काठी तिनं मांडीवर आडवी घेतली. "बरं. एक गोष्ट सांगते. तुमच्यापैकी कुणाला सांगितलेली नाही. लपवायचं असं नव्हतं काही, कुणी विचारलं नाही."

आईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आत्यानं त्यांच्याकडे पाहून मान हलवली, सांगू दे गं, अशी.

"युद्ध चालू होतं. कारखान्यातले पुरुष गेलेले, मागांवर आम्ही बायका. आघाडीवरच्यांसाठी ब्लँकेटं विणायचो. खिडक्यांच्या काचांना काळा रंग, दिवसा दिवे, कापसाचा नुसता धुरळा. आणि एक नियम होता, तो कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायचा नाही. दुसरीच्या मागाला हात लावायचा नाही. माग थांबला की कापड अडतं, मुकादम येतो, बोलणी खावी लागतात. शेजारीण मेली तरी तिचा माग तिनंच थांबवायचा, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो.

"वाईट बातमी आली की ऑफिसातला माणूस खात्याच्या दारात येऊन उभा राहायचा. मुकादमाच्या कानात ओरडून सांगायचा. पण दाराजवळच्या मागावरची बाई त्याचे ओठ वाचायची, आणि मुकादम दहा पावलं चालायच्या आत ती बातमी रांगेतून पुढे गेलेली असायची. जिची असेल तिला सोडून सगळ्यांना कळलेलं. त्या दिवशी मी खाली वाकून धोट्यातली सुताची कांडी बदलत होते. माझी पाठ होती सगळ्यांकडे.

"माझा माग थांबला. एकदम. म्हटलं, कुणाची एवढी हिंमत! शिवी तोंडात घेऊनच वळले. तर हिचा हात माझ्या मागावर. आणि हिचा चेहरा."

खोलीत बाळ उचकी देत होतं. थोरलीची लेक त्याची पाठ थोपटत राहिली.

"हिनं मला सांगितलं, तुझा माणूस गेला. बिनआवाजी. बाकीचे माग चालूच होते सगळे. हिनं हळू सांगितलं, एकेक शब्द नीट, मला दोनदा विचारायला लागू नये म्हणून. मग मला ब्लँकेटांच्या गठ्ठ्यावर नेऊन बसवलं आणि स्वतःचा माग आणि माझा माग, दोन्ही हिनं चालवले, पाळी संपेपर्यंत. मुकादम आला. ह्या बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आल्या पावली परत गेला."

आत्यानं पदराला नाक पुसलं. आणि मग ती जे बोलली ते तिच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं.

"माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. त्यांना घरी कुणी येऊन सांगितलं, कुणी रडत सांगितलं, कुणी ओरडून. त्यांच्या कानात तो आवाज जन्मभर राहिला. माझ्या कानात काहीच नाही. मला ते कुणाच्या आवाजात ऐकूच यायचं नाही. हिचा चेहरा दिसतो, बास. आणि हिचा चेहरा मला कधीही बघवतो. एवढं केलं हिनं माझ्यासाठी. तेव्हा पोरी, ही काय बोलते ते मला अंदाजानं कळत नाही."

ताई उठली, आत्याच्या पायाशी खाली बसली आणि तिनं तिचा हात धरला. मग आईकडे तोंड करून तिनं विचारलं. इतक्या आठवड्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. विचारून काय उपयोग, असं सगळ्यांना वाटत होतं.

"आई, तुला कुठं राहायचंय?"

आईंनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी ताईच्या गालावरून हात फिरवला. मग बोलू लागल्या, आणि आत्या त्यांच्यामागून, अर्ध्या शब्दाच्या अंतरानं, मोठ्यानं.

"गाडीत गादी घातलीस ती पाहिली मी. दोन उशा घातल्यास. मानेखाली एक, गुडघ्याखाली एक. तुला आठवलं ते. तू लहान असताना मी तुला तशीच निजवायची. तुझ्यासारखी लेक मिळाली, माझं नशीब." आत्या थांबली, आईही थांबल्या. "पण मला कुठं राहायचंय हे मला काय विचारतेस? मी खुर्ची आहे, ठेवाल तिथं बसेन. जिच्या अंगावर मी पडणार, तिला कुणी विचारलंत का? माझा आवाज आता गेला. तिचा या घरात कुणी कधी ऐकलाय?"

एकेक करून सगळ्यांच्या नजरा थोरलीकडे वळल्या.

दादाला आठवत असावं ते जेवणाचं ताट, ते "बरं". "खरंच गं," तो हळूच म्हणाला. "मी तुला सांगितलं. विचारलं नाही."

"वहिनी, बोल की," धाकटा म्हणाला.

आता बोलायला हवं होतं. सगळी खोली वाट बघत होती. थोरलीनं वर्गातल्या मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं, उभं राहा, मोठ्यानं बोला. आणि तिच्या गळ्यातून एक अक्षर फुटेना. सगळे बघत असताना काही मागायची तिला सवयच नव्हती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, शेवटी आईंकडे पाहिलं.

आई वाट बघत होत्या. डोळे तिच्या डोळ्यांवर नव्हते. ओठांवर होते.

तेव्हा तिला समजलं की आवाज लागतच नाही.

तिनं बिनआवाजी सांगितलं. आधी थोडंसंच. मग थांबता येईना म्हणून उरलेलंही, पहिल्या दिवसापासूनचं, परीक्षेचं, केसांतल्या कापसाचं, या पाठीचं, भिंतीकडे फिरवलेल्या तोंडाचं. ओठ थरथरत होते, काही शब्द धड बनलेही नसतील. आईंची नजर एकदाही ढळली नाही. ऐकताना त्यांचेही ओठ किंचित हलत होते.

"काय म्हणाली?" ताईनं आत्याच्या दंडाला हलवलं. "आत्या, काय म्हणाली वहिनी?"

आत्याला सगळं दिसलं होतं. तिनं एक लांब श्वास घेतला, सगळ्यांना वाटलं आता भोंगा वाजणार. पण ती पुन्हा काठी टेकून बसली.

"ते आमच्या खात्यातलं आहे," ती म्हणाली.

ताई तिच्याकडे बघत राहिली, मग वहिनीकडे, मग आईच्या चेहऱ्याकडे, आणि तिथं जे होतं त्याचा अर्थ सांगायला कुणाची गरज नव्हती. तिनं डोळे पुसले. "दिवसभराच्या बाईला मी उद्यापासून इथं पाठवते," ती म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता, पण पहिल्यासारखा हुकमी झाला होता. "उचलायचं ते ती उचलेल, वहिनी नाही. आणि दर महिन्याला चार दिवस आई माझ्याकडे. पडदे शिवलेत मी, ते काय वाया घालवू?"

"आणि रात्री मी उचलेन," दादा म्हणाला.

"आधी पोट उचल," धाकटा म्हणाला. बाळासकट सगळी खोली पुन्हा हसली. कुणी चहा टाकायला उठलं, कुणी बॅग आत नेली. आत्या स्टुलावरून उठून ओरडून विचारत होती की या घरात पाहुण्याला पाणी विचारायची पद्धत आहे की नाही.

त्या गलबल्यात आई थोरलीला काहीतरी सांगत होत्या. लांबलचक. थोरलीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. कुठंतरी "तू" आलं असावं, कुठंतरी "पोर". तिनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं सरळ दुसरीकडे तोंड फिरवलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

थोरलीनं आत्याचं रिकामं स्टूल पुढे ओढलं. खिडकीतला उजेड आईंच्या चेहऱ्यावर नीट पडावा म्हणून जरा बाजूला सरकवलं, आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आई," ती म्हणाली, "पुन्हा सांगा. सावकाश."